जपानात राहून फोटो काढणाऱ्यांचा धागा

नदीकाठ

नमस्कार मंडळी.

जपानच्या सहलीवर लिहिलेलं भरपूर वाचायला मिळतं, पण इथे राहून, नोकरी-घर सांभाळून हौसेने फोटो काढणाऱ्यांचं असं फारसं कुठे दिसत नाही. म्हणून हा धागा. इथे राहणाऱ्यांनी आपापल्या गावचं लिहा, येऊ घातलेल्यांनी विचारा.

सुरुवात माझ्यापासून. मी टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहतो. ऑफिस ओतेमाचीला. म्हणजे रोज तोझाई लाइन आणि सकाळची गर्दी. पण ही लाइन आमच्याकडे जमिनीच्या वरून धावते आणि भुयारात शिरण्याआधी आराकावा नदी ओलांडते. हिवाळ्यात हवा कोरडी असली की त्या पुलावरून फुजी दिसतो. गाडी काठोकाठ भरलेली असते, कॅमेरा बाहेर काढायचा प्रश्नच नाही. पण आज डोंगर कसा दिसतोय, बर्फ कुठवर उतरलाय, हे कळतं आणि शनिवारचा बेत तिथेच ठरतो.

टोकियोत क्षितिज बघायचं असेल तर नदीवर जावं लागतं. बाकी सगळीकडे इमारती आणि विजेच्या तारा. आराकावाचा हा खालचा भाग म्हणजे माणसांनी खणलेला पूर-कालवा आहे. १९१० च्या महापुरानंतर हाती घेतलेलं काम १९३० मध्ये पुरं झालं. आमच्याकडची बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, म्हणून दोन्ही काठांना उंच बांध घातलेत. त्या बांधावर चढलं की एकदम सगळं मोकळं होतं: पाणी, गवत, बेसबॉल खेळणारी पोरं, लांबवर पूल आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्या. माझे सगळ्यात आवडते फोटो इथलेच आहेत.

आता उजेडाचं. नव्याने येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जून महिन्यात टोकियोत सूर्य साडेचारच्याही आधी उगवतो. देशभरची घड्याळं आकाशी शहरावरून जाणाऱ्या १३५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली, टोकियो त्याच्या बरंच पूर्वेला, त्यात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत इथे नाही. पहिली गाडी पाचच्या सुमारास सुटते, तोवर कोवळा उजेड संपत आलेला असतो. उलट डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळतो, नोकरदार माणसाला दिवसाउजेडी बाहेर पडायला मिळतं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. थोडक्यात, उन्हाळ्यातला चांगला उजेड हवा असेल तर घरापासून सायकलवर पोचता येईल अशीच जागा शोधावी लागते.

माझी अशी जागा म्हणजे कासाई रिनकाई पार्क. टोकियोच्या खाडीला लागून आहे, १९८९ मध्ये सुरू झालं. बहुतेक लोक ११७ मीटर उंचीच्या आकाशपाळण्यासाठी येतात. मी पूर्वेकडच्या पक्षी उद्यानात जातो. समोरच्या उथळ खाडीला २०१८ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळालाय. थंडीत तिथे समुद्री बदकांचे प्रचंड थवे उतरतात, सोबत डोक्यावर तुरा असलेल्या मोठ्या टिबुकल्या.

आणि खंड्या! आपल्या ओढ्यांवर दिसतो तोच छोटा निळा खंड्या, जातही तीच. त्याच्यासाठी तळ्याकाठी निवृत्त आजोबांची रांग लागलेली असते. घडीची स्टुलं, हाताएवढ्या लांब लेन्स, तिवईच्या पायाला बांधलेला छोटा टॉवेल. नवीन माणसाने रांगेच्या मागे उभं राहायचं, कुणाच्या पुढ्यात तिवई लावायची नाही. पक्षी आला की बोलणं एकदम थांबतं, नुसते शटरचे आवाज. उडून गेला की सगळे एकमेकांना मागचा स्क्रीन दाखवतात. माझं जपानी कामापुरतंच होतं तेव्हापासून हे लोक मला जागा देत आलेत. त्यातले एक आजोबा वहीत भरती-ओहोटीच्या वेळा आणि कुठला पक्षी कुठल्या फांदीवर बसला हे पेन्सिलीने लिहून ठेवतात. आता मीही तशी वही ठेवतो.

माझं स्पष्ट मत आहे की इथे राहणाऱ्याने पर्यटकांच्या यादीमागे धावू नये. पर्यटकाला एकच दिवस मिळतो, त्या दिवशी जे दिसेल ते. आपल्याला एकाच जागी पावसात, धुक्यात, वादळाच्या आदल्या संध्याकाळी, बर्फात जाता येतं. ही सोय टाकून दर सुट्टीला नवीन 'स्पॉट' कशाला शोधायचा?

तुमचं काय म्हणणं?

गोदातीर

मस्त धागा! आम्ही नाशिकहून मार्चअखेरीस दोन आठवड्यांसाठी येतोय. माझ्याकडे साधा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि किट लेन्स. दोनच प्रश्न: साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, नक्की कधी? आणि फुजीचा तो लाल पॅगोडावाला फोटो कुठून मिळतो? पर्यटकांच्या यादीवर तुम्ही टीका केलीत, पण आम्ही पर्यटकच, त्यामुळे यादी लागेलच.

नदीकाठ

@गोदातीर, तुम्ही यादी घेऊनच या, अजिबात संकोच नको. ते म्हणणं इथे राहणाऱ्यांसाठी होतं.

टोकियोत हवामान खातं यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावरून निर्णय देतं. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहराची सुरुवात जाहीर, ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की पूर्ण बहर. १९९१ ते २०२० ची सरासरी काढली तर सुरुवात २४ मार्च आणि पूर्ण बहर ३१ मार्च. अलीकडे मात्र बरेचदा लवकर फुलतं. शहरात सगळीकडे सोमेइ योशिनो ही एकच जात, तीही कलमांनी वाढवलेली, म्हणजे सगळी झाडं एकाच झाडाची रूपं. म्हणूनच ती एकदम फुलतात आणि एकदम गळतात. हुकलं तर उत्तरेला सरका. आओमोरीतल्या हिरोसाकी किल्ल्याचा बहर साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात असतो. तिथल्या खंदकात पाकळ्यांचा गुलाबी थर साचतो, तो बहराइतकाच बघण्यासारखा.

पॅगोडाची जागा म्हणजे फुजियोशिदा गावातलं आराकुरायामा सेंगेन पार्क. फुजिक्यू लाइनवर शिमोयोशिदा स्टेशनला उतरायचं, मग ३९८ पायऱ्या. सकाळी लवकर जा. उन्हं चढली की ढग डोंगराला गुंडाळतात. मार्चअखेरीस डोंगर दिसेलच याची खात्री नाही, खात्रीचे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणून एकाच दिवसावर सगळं अवलंबून ठेवू नका, शक्य असेल तर एक रात्र तिथे राहा.

एक कळकळीची विनंती. जवळच्या फुजिकावागुचिको गावात एका दुकानाच्या छपरावर फुजी उभा असल्यासारखा दिसतो. त्या फोटोसाठी इतके लोक भर रस्त्यात उभे राहायला लागले, कचरा टाकायला लागले, की मे २०२४ मध्ये गावाने समोरच्या पदपथावर अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावली. ऑगस्टमध्ये वादळाच्या शक्यतेमुळे ती उतरवली आणि परत लावली नाही. रस्त्यापलीकडे दवाखाना आहे, तिथे आजारी माणसं येतात. फोटोसाठी कुणाचा रस्ता अडवू नये, एवढं प्रत्येकाने पाळलं तर जाळीची वेळच येणार नाही.

पाऊलवाट

वाचतेय, छान लिहिलंय. मी सेंदाईला असते. नदीकाठ, तुमचं अर्धं पटलं. एकाच जागी परत परत जावं हे खरं, पण ती जागा घराजवळच हवी असं कुठे आहे? माझी जागा घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे आणि मी दर ऋतूत जाते.

ती म्हणजे फुकुशिमातली तादामी लाइन. आइझु-वाकामात्सु ते कोइदे, १३५ किलोमीटरची एकेरी डिझेल लाइन. जुलै २०११ च्या अतिवृष्टीत तिचे पूल वाहून गेले. प्रवासी इतके थोडे की लाइन कायमची बंद होईल असं वाटत होतं. पण गावं आणि जिल्हा मागे हटले नाहीत, खर्चाचा वाटा उचलला आणि १ ऑक्टोबर २०२२ ला सगळी लाइन पुन्हा सुरू झाली. मधल्या टप्प्यात अजूनही दिवसाला तीनच फेऱ्या आहेत. त्यामुळे फोटोचं वेळापत्रक आपण ठरवायचं नसतं, गाडी ठरवते.

मिशिमा गावाजवळ पहिला तादामी पूल आहे. महामार्गावरच्या थांब्यामागून टेकडीवर पायवाट जाते, वाटेत वेगवेगळ्या उंचीवर फोटोसाठी जागा केल्या आहेत. वरच्या जागेवरून नदीच्या वळणात पुलाची कमान आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही येतात. जून ते ऑगस्टमध्ये पहाटे आणि संध्याकाळी नदीवर धुकं धरतं, कारण डोंगरातून येणारं पाणी गार आणि वरची हवा दमट, उबदार. धुकं इतकं दाट होतं की पूल दिसेनासा होतो. मग हळूहळू कमान वर येते, पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येते आणि दोन डब्यांची गाडी धुक्यावरून जाते. सगळं मिळून अर्धा मिनिट.

तांत्रिक: तिवई लावा, पण शटर सेकंदाच्या एक पंचशतांशच्या (१/५००) आसपास ठेवा, नाहीतर गाडी पुसट येते. धुक्यात कॅमेरा फसतो आणि फोटो करडा काढतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवा. आणि पिशवीला घंटा बांधा, त्या डोंगरात अस्वलं आहेत. स्थानिक लोकही बांधतात.

तिथे भेटणारे रेल्वेवेडे फोटोग्राफर फार शिस्तीचे असतात. आधी आलेल्याची जागा त्याची. गाडी गेल्यावर एकमेकांना 'ओत्सुकारेसामा' (छान मेहनत केलीत) म्हणून निघतात. रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांबद्दल बातम्यांत वाईट बरंच येतं, मला मात्र तिथे चांगलीच माणसं भेटली.

नदीकाठ

@पाऊलवाट, सुंदर लिहिलंत. घराजवळचीच जागा हवी हा माझा हट्ट तुमच्यासाठी सोडला. धुक्यातले फोटो इथे डकवा प्लीज.

तांबडा_पांढरा

कोल्हापूरकर, सध्या मुक्काम कावासाकी. कॅमेरा घेणाऱ्यांसाठी लिहितो.

जपानात नवा कॅमेरा घ्यायची घाई करू नका. सेकंडहँडचा बाजार इथल्यासारखा कुठेच नाही. नाकानो आणि शिंजुकूची मोठी दुकानं बघा. प्रत्येक वस्तूवर दर्जाची चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर लिहिलेलं खरं असतं: कुठे ओरखडा आहे, आत धूळ आहे का, झाकण आहे की नाही. विचारलं की लेन्स हातात देतात, टॉर्च देतात, तुमच्या कॅमेऱ्यावर लावून बघू देतात, वर सहसा काही महिन्यांची हमी. मी माझी ८५ मिलिमीटरची लेन्स अशीच घेतली. काउंटरवरच्या मुलाने पांढरे हातमोजे घालून ती कापडावर ठेवली, लेन्सचं बुब्बुळ (उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती) उघडून-मिटून दाखवलं आणि कडेची एक बारीकशी खूण मी विचारायच्या आधी स्वतःच दाखवली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही कंपन्यांच्या जपानी बाजारातल्या कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलता येत नाही. घरी भारतात पाठवायचा असेल तर दुकानातच चालू करून बघा. दुसरं, पर्यटकांना मिळणारी करमाफी इथे राहणाऱ्या आपल्याला नाही.

ज्यांना घ्यायचं नाही, नुसतं बघायचं आहे त्यांनी हानझोमोन स्टेशनजवळचं कॅमेरा म्युझियम चुकवू नका. पहिल्या दागेरोटाइप (फोटो काढायची अगदी सुरुवातीची पद्धत) कॅमेऱ्यापासून सगळं ओळीने लावलंय. माझ्या आठ वर्षांच्या लेकाला तिथून ओढून बाहेर आणावं लागलं.

सोनटक्का

लेन्समधल्या बुरशीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे पावसाळा, त्यानंतर दमट उन्हाळा. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लाकडी जमिनीच्या जुन्या घरात कपाटात ठेवलेल्या लेन्सला हमखास बुरशी धरते. दमटपणा आवरणारं विजेवर चालणारं छोटं कपाट मिळतं, आत चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता ठेवायची. तेवढा खर्च नको असेल तर हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. तेवढंही पुरतं.

हिवाळ्यात उलटं. बर्फातून हॉटेलच्या गरम खोलीत शिरलात की लेन्सवर आतबाहेर पाणी धरतं. आत येण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या. कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, म्हणजे फोटो लगेच बघता येतात. जादा बॅटरी जाकिटाच्या आतल्या खिशात. नागानोतल्या जिगोकुदानीला, गरम पाण्यात बसणारी माकडं बघायला गेलात तर हे सगळं लागेलच. बसथांब्यापासून बर्फातून अर्धा-पाऊण तास चालायचं आहे. माकडं रानटी आहेत, त्यांना खायला घालू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. सेल्फी काठीला बंदी आहे.

पाऊस मला स्वतःला फोटोसाठी सगळ्यात आवडतो. जूनमध्ये कामाकुराच्या मेइगेत्सुइनमध्ये निळ्या हायड्रेंजांच्या दोन भिंतींमधून दगडी पायऱ्या जातात. शनिवार-रविवारी मरणाची गर्दी. आठवड्यातला एखादा दिवस रजा काढा आणि पाऊस पडत असतानाच जा. ढगाळ उजेडात निळा रंग जसा येतो तसा उन्हात येतच नाही. तिवई नेऊ नका, इथल्या बहुतेक देवळांत मनाई असते.

माईआजी

मी फोटोग्राफर नाही, तरी लिहू का? मुलाकडे तीन महिने राहायला आले आहे, सायतामाला. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातू शाळेत. फोन घेऊन मी रोज सकाळी समोरच्या बागेत जाते. साडेसहाला रेडिओवर व्यायामाचं संगीत लागतं आणि पंधरा-वीस म्हातारी माणसं गोलात उभी राहून हात-पाय हलवतात. आधी लांबून बघायचे, मग एका बाईंनी हाताने बोलावून घेतलं. आता मीही करते. त्यांचे फोटो काढावेसे वाटायचे, पण इथल्या फोनचा खटक असा आवाज बंदच होत नाही, सगळ्यांना कळतं! मग सुनेने एक वाक्य शिकवलं, 'शाशिन तोत्तेमो ई देस का', म्हणजे फोटो काढला तर चालेल का. विचारलं तर सगळे हसून ओळीत उभे राहिले, दोन बोटं वर करून. मला व्यायाम करतानाचे हवे होते, तेही मिळाले, नंतर. सुनेने ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर छापून दिले. मी एकेकाला वाटले. दुसऱ्या दिवशी मला तीन पिशव्या भरून भाजी मिळाली, त्यात कोहळ्याएवढा मुळा.

नदीकाठ

माईआजी, तुम्हीच खऱ्या फोटोग्राफर आहात. छापून हातात दिलेल्या फोटोची बरोबरी कशाशीच नाही. भाजीचाही फोटो टाका.

शटरवाला

माझा एक आक्षेप आहे. सगळ्यांनी विचारून फोटो काढावा म्हटलं तर रस्त्यावरची फोटोग्राफी संपलीच. विचारलं की लोक दोन बोटं वर करतात, माईआजींनीच सांगितलंय. जपानमध्ये तर रस्त्यावरच्या फोटोंची केवढी मोठी परंपरा आहे. आणि आज बघावं तिकडे चेहरे पुसट केलेले फोटो. हे मला पटत नाही.

नदीकाठ

@शटरवाला, मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

परंपरा आहेच. दोमोन केन या नावाजलेल्या फोटोग्राफरनी १९५० च्या सुमारास एका कॅमेरा मासिकात हौशी वाचकांचे फोटो महिन्याच्या महिन्याला तपासून दिले आणि काहीही न मांडता, न सजवता समोरचं आयुष्य टिपा असा आग्रह धरला. त्यांनी स्वतः माझ्या शेजारच्या कोतो वॉर्डातल्या गल्ल्यांत खेळणाऱ्या पोरांचे फोटो काढले. पुढे क्युशू बेटावरच्या चिकुहो भागातल्या कोळसा-खाणींतल्या मुलांचं पुस्तक १९६० मध्ये साध्या कागदावर छापून फक्त शंभर येनला विकलं, सामान्य माणसाला परवडावं म्हणून. त्यांच्या साकाता गावी १९८३ पासून त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. अवश्य जा.

पण त्या वेळी फोटो मासिकात छापून यायचा. आज तो दहा मिनिटांत जगभर फिरतो, आणि त्यातल्या मुलाची शाळा गणवेशावरून कळते. इथल्या न्यायालयांनी माणसाचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क मानलाय, पण मला कायद्यापेक्षा शेजाराची काळजी जास्त. मी याच गल्लीत राहतो, माझी मुलं याच शाळेत जातात. क्योतोच्या गिओन या जुन्या वस्तीत बघा, गेइशांच्या (पारंपरिक नाच-गाणं करणाऱ्या कलावंत बायका) मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे खाजगी गल्ल्या बंद झाल्या आणि दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या.

मग मी काय करतो? आधी ओळख करून घेतो. आमच्या बाजारातल्या तोफूवाल्या (सोयाबीनचं पनीर करणाऱ्या) काकांकडे मी बराच काळ नुसता तोफू घ्यायला जात होतो. कॅमेरा गळ्यात असायचा, वर केला नाही. एकदा त्यांनीच विचारलं, कसला कॅमेरा? आता पहाटे त्यांच्या दुकानात मागच्या बाजूला उभं राहायची मुभा आहे. वाफ, ओला सिमेंटचा ओटा, लाकडी साच्यावर ठेवलेला दगड, आणि पाण्यात हात घालून तोफूचा ठोकळा तळहातावर अलगद उचलून घेणारे काका. ते माझ्याकडे बघतही नाहीत, कारण त्यांना माझी सवय झालीय. दोन बोटं वर न होणारा फोटो असाही मिळतो, फक्त वेळ लागतो.

शटरवाला

हे पटलं. तरी अनोळखी गर्दीतल्या क्षणाचं काय, यावर माझं मन अजून डळमळतंय. पाठमोरे, सावल्या, प्रतिबिंबं यांवर काम करून बघतो.

पाऊलवाट

@शटरवाला, शिंजुकूत पावसाळी संध्याकाळी पारदर्शक छत्र्या असतात. छत्रीवरच्या थेंबांवर फोकस ठेवा, चेहरा आपोआप मागे विरघळतो. मला हे फार आवडतं.

गोदातीर

सगळ्यांचे आभार, बेत पक्का होतोय. एक राहिलं: ड्रोन आणू का? आणि आम्ही असताना टोकियोत एखादा फोटो-कट्टा जमेल का?

तांबडा_पांढरा

ड्रोन घरीच ठेवा. शंभर ग्रॅमपासून पुढच्या सगळ्या ड्रोनना नोंदणी लागते, दाट वस्तीत वेगळी परवानगी, आणि बहुतेक बागांत मनाईच. कट्ट्याला मी येतो.

नदीकाठ

कट्टा करूया. मार्चचा शेवटचा रविवार, सकाळी सात वाजता, केइयो लाइनवरच्या कासाई-रिनकाई-कोएन स्टेशनबाहेर. आधी पक्षी, मग निशी-कासाईला परत येऊन साकुरा आणि दुपारी आमच्याकडे पिठलं-भात. लांब लेन्स नसली तरी चालेल, माझ्याकडे एक जादाची आहे. @गोदातीर, तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स बसवायची जोडणी) कुठला ते कळवा. माईआजी, सायतामाहून मुसाशिनो लाइनच्या काही गाड्या थेट केइयो लाइनवर येतात, पण त्यातल्या सगळ्या आमच्या बाजूला येत नाहीत. सुनेला गाडी बघून ठेवायला सांगा. सकाळी वाऱ्याला थंडी असते, स्वेटर आणा.